मलिक अंबर : बाजारात विकला गेलेला मुलगा, दख्खनचा कारभारी

खुलताबादला जियारतीसाठी आपल्यापैकी बरीच कुटुंबं जातात. हजरत जर जरी जर बख्श (रह.) आणि हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांच्या दर्ग्यांवर फातिहा होते, बादशाह औरंगजेबची साधी, उघडी कबर मुलांना दाखवली जाते आणि गाडी परतीच्या वाटेला लागते. त्याच खुलताबादेत एका घुमटाखाली आणखी एक माणूस झोपला आहे. तिकडे मात्र फार थोडे लोक वळतात. हा माणूस बादशाह नव्हता, सुलतानही नव्हता. लहानपणी तो बाजारात विकला गेला होता. आणि तरीही अकबर आणि जहांगीर या दोन मोगल बादशाहांच्या फौजांना त्याने पंचवीस वर्षांहून अधिक काळ दख्खन पूर्णपणे गिळू दिला नाही. त्याचं नाव मलिक अंबर.

शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर जेमतेम दोन-चार ओळी असतात. निजामशाहीचा वजीर, गनिमी कावा, जमीन महसुलाची पद्धत, संपलं. घरी आपणही त्याच्याबद्दल फारसं बोलत नाही. मुलांना सलाहुद्दीन अय्युबी माहीत असतो, टिपू सुलतान माहीत असतो. पण आपल्याच पायाखालच्या मातीत ज्याने पाणी खेळवलं, शेतसाऱ्याची घडी बसवली, त्याची ओळख नसते. म्हणून आज त्याची कहाणी सविस्तर सांगायचं आम्ही ठरवलं. ती नुसत्या तलवारीची कहाणी नाही, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

हबशाच्या देशातून

अंबरचा जन्म साधारण सन १५४८ चा. जागा आजच्या इथिओपियातली, म्हणजे आपल्याकडे जिला हबशाचा देश म्हणत. त्याचं मूळ नाव चापू होतं. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. त्याला युद्धात पकडलं की गरिबीने विकलं, काहीही असो, एका मुलाच्या आयुष्यातून आई-बाप, भाषा, गाव हे सगळं एका फटक्यात गेलं. तांबड्या समुद्रापलीकडे मोखा बंदर, मग बगदाद. एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्या.

इथे एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. आपल्या दीनने गुलामाला आजाद करणं मोठं सवाबाचं काम ठरवलं. हजरत बिलाल (रजि.) हे हबशी होते, गुलाम होते, आणि प्यारे नबी (सल्ल.) यांनी त्यांना अजानचा मान दिला. हज्जतुल विदाच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर आणि अरबाला अजमीवर कसलीही बडेजाव नाही, फरक आहे तो फक्त तकवाचा, हे साफ सांगितलं गेलं. आणि तरी त्यानंतर हजार वर्षांनी मुसलमानांच्याच शहरांत माणसांचे बाजार भरत होते. त्या बाजारांत विकणारेही कलमा पढणारे होते आणि विकत घेणारेही. अंबरच्या मोठेपणाचा अभिमान बाळगताना ही शरम विसरून चालणार नाही.

बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतलं. मुलगा हुशार आहे हे या माणसाने ओळखलं. त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला. तिथेच तो मुसलमान म्हणून वाढला आणि त्याला अंबर हे नाव मिळालं. पुढच्या आयुष्यात हे शिक्षण त्याच्या किती कामी आलं, ते पुढे दिसेलच.

अहमदनगरचा दरबार

सन १५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मीर कासिम त्याला घेऊन दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याला त्याने अंबरला विकलं. हा चंगेज खान म्हणजे मंगोलांचा नव्हे. हा स्वतः हबशी, आणि तोही कधीकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. अंबर त्यांतला एक.

दख्खनमधल्या या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बहमनी काळापासून इथल्या दरबारांत दोन तट होते. एकीकडे इराण-तुराणातून आलेले परदेशी अमीर, म्हणजे आफाकी. दुसरीकडे इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले दख्खनी. हबशी बहुतेक वेळा दख्खनींच्या बाजूने असत. त्यांना परत जायला देश नव्हता, नातेवाईक नव्हते. जो धनी तोच आधार. म्हणून धनी त्यांच्यावर भरवसा टाकत, त्यांना घोडा-हत्यार देत आणि हिशेबाची कामंही सोपवत. धनी गेला की बऱ्याच जणांना आजादी मिळे आणि मग ते आपल्या हिमतीवर शिपाईगिरी करत. म्हणजे इथला गुलाम शेतात राबणारा नव्हता, दरबाराच्या उंबऱ्यावर उभा असलेला होता.

चंगेज खानाच्या हाताखाली अंबरने राज्य कसं चालतं ते जवळून पाहिलं. पण चंगेज खान लवकरच दरबारी कारस्थानात मेला. त्याच्या बेवेने अंबरला आजाद केलं. करीमा नावाच्या बाईशी त्याचा निकाह झाला. आता तो कोणाचा माल नव्हता. पण पोटापाण्याचं काय? पुढची वीसेक वर्षं त्याने भाडोत्री शिपायाचं आयुष्य काढलं. काही दिवस गोवळकोंडा, मग विजापूर. विजापूरकरांनी त्याला मलिक हा किताब दिला. तरी तिथे मन रमलं नाही, आणि सन १५९५ च्या सुमारास दीडशे घोडेस्वार सोबत घेऊन तो अहमदनगरला परतला. वय सत्तेचाळीसच्या आसपास. आज आपण या वयाच्या माणसाला म्हणतो, आता काय नवीन करणार बाबा! अंबरचं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

नगर पडलं, निजामशाही पडली नाही

तो आला ती वेळच वाईट होती. अकबराच्या फौजा अहमदनगरच्या दाराशी होत्या. चांदबीबीने किल्ला लढवला, तटाला पडलेलं खिंडार रातोरात बुजवलं, त्या वेळेपुरतं मोगलांना तहावर आणलं. पण दरबारातले तट काही मिटले नाहीत. सन १६०० मध्ये चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि ऑगस्ट महिन्यात किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. लहानग्या बहादूर निजामशाहला कैद करून ग्वाल्हेरला नेलं. राजधानी गेली, सुलतान गेला. दिल्ली-आग्ऱ्याच्या हिशेबी निजामशाही संपली होती.

अंबरच्या हिशेबी नव्हती. किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख गेला होता, पण बाकीचं राज्य, डोंगर, गड, गावं अजून उभी होती. त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं, त्याला आपली मुलगी दिली आणि स्वतः कारभार हाती घेतला. दीडशे स्वारांचे एव्हाना काही हजार झाले होते. कारण सोपं होतं. बेकार झालेला, धनी हरवलेला शिपाई त्याच्याकडे येई आणि तो त्याला ठेवून घेई. मग तो हबशी असो, दख्खनी मुसलमान असो की मराठा.

त्याने स्वतः गादी का घेतली नाही, हा प्रश्न बरेच जण विचारतात. आमच्या मते त्याला आपली ताकदही माहीत होती आणि मर्यादाही. दख्खनचे सरदार निजामशाहच्या नावाने एकत्र येतील, एका आजाद गुलामाच्या नावाने येणार नाहीत, हे त्याने ओळखलं होतं.

सगळं सरळ झालं नाही. राजू दख्खनी नावाच्या दुसऱ्या बलाढ्य सरदाराशी त्याचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. नांदेडजवळ मोगलांच्या लढाईत तो जबर जखमी होऊन पडला आणि त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेलं म्हणून वाचला. त्यानंतर त्याने मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखाना याच्याशी तह केला, उसंत मिळवली. सन १६०७ मध्ये राजूला हरवून त्याने जुन्नरला राजधानी नेली, पुढे ती दौलताबादला आली. आणि १६१० मध्ये, किल्ला पडल्यानंतर दहा वर्षांनी, अहमदनगर त्याने मोगलांकडून परत घेतलं.

बरगीगिरी

मोगलांकडे तोफा होत्या, हत्ती होते, जड चिलखतं होती, न संपणारा खजिना होता. उघड्या मैदानात त्यांच्याशी भिडणं म्हणजे मरण. अंबरने मैदानच बदललं. हलके घोडेस्वार, डोंगरदऱ्या, रात्रीचे छापे. शत्रूच्या मोठ्या फौजेवर तो जात नसे, तिच्या रसदेवर जात असे. धान्याचे बैल लुटायचे, वैरण जाळायची, मागे राहिलेल्या तुकड्या कापायच्या. फौज जितकी मोठी तितकी तिची भूक मोठी. या लढाईला बरगीगिरी म्हणत.

हे काम करायला या मुलखाची वाट न वाट माहीत असणारी माणसं लागतात, आणि ती होती मराठे. भोसले, जाधव आणि इतर कितीतरी घराण्यांचे सरदार निजामशाहीत आधीपासून होते. अंबरच्या काळात त्यांचं वजन वाढलं. सन १६१० च्या सुमाराला आलेल्या विल्यम फिंच नावाच्या इंग्रज प्रवाशाने अंबरकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी फौज असल्याचं लिहून ठेवलं आहे. म्हणजे पाचातले चार लोक इथलेच होते.

१६११ मध्ये मोगलांनी दोन बाजूंनी कोंडायचा बेत केला. गुजरातेतून अब्दुल्ला खान नाशिकच्या वाटेने, दुसरी फौज वऱ्हाडातून. अब्दुल्ला खान श्रेय एकट्याला मिळावं म्हणून पुढे धावला. अंबरच्या स्वारांनी त्याची अशी दमछाक केली की तो मोठं नुकसान सोसून गुजरातेत परत पळाला. जहांगीर बादशाहचा जळफळाट एवढा, की त्याने आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख शिव्यांशिवाय फारसा केलाच नाही. एक चित्रही काढून घेतलं, ज्यात बादशाह भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण मारतो आहे. हा प्रसंग कधी घडलाच नाही. जे मैदानात साधलं नाही ते कागदावर रंगवून घेतलं, इतकंच. त्या शिव्यांत अंबरच्या काळ्या रंगावरचे टोमणे आहेत, हेही विसरू नका.

शेतकऱ्याच्या दारात

आता या कहाणीतला सर्वात महत्त्वाचा भाग. रोज लढाई म्हणजे रोज खर्च. पन्नास हजारांची फौज पोसायची तर पैसा आणायचा कुठून? राज्य अर्धं गेलेलं, मुलूख वारंवार जळालेला. दुसरा कोणी असता तर त्याने रयतेला पिळलं असतं. तेव्हाची चाल इजाऱ्याची होती. म्हणजे एखाद्या परगण्याचा वसूल लिलावासारखा कुणाला तरी ठरीव रकमेवर द्यायचा. तो इजारदार सरकारात रक्कम भरी आणि मग शेतकऱ्याकडून वाटेल तितकं उकळी.

अंबरने ही इजाऱ्याची चाल बंद केली. जमिनीची प्रतवारी लावली. बागायत वेगळी, जिरायत वेगळी, चांगली वेगळी, हलकी वेगळी. गावच्या पाटलाच्या आणि जाणत्या लोकांच्या अंदाजाने प्रत्यक्ष पीक किती येतं ते पाहून सारा ठरवला. आधी धान्याच्या रूपात पिकाचा दोन पंचमांश भाग घेत, पुढे त्याऐवजी सुमारे एक तृतीयांश किमतीइतका पैसा. पाटील-कुलकर्ण्यांचे वतनी हक्क पक्के केले, म्हणजे गावाची जबाबदारी गावातल्याच माणसावर आली. मोगलांकडे तोडरमलने बसवलेली पद्धत त्याच्यासमोर होती. पण त्याने ती जशीच्या तशी उचलली नाही, आपल्या मुलखाला बेतून घेतली.

हा सारा आजच्या मानाने जड वाटेल, आणि होताच. पण शेतकऱ्याला एक गोष्ट मिळाली जी आधी नव्हती. आपल्याला किती द्यायचं आहे ते त्याला आधी कळू लागलं. पीक कमी आलं तर सारा कमी. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. मलिकंबरी धारा हा शब्द महाराष्ट्रात पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकला. शहाजीराजांच्या पुण्याच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जी घडी बसवली, तिच्यामागे मलिक अंबरचीच पद्धत होती, असं मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक सांगत आले आहेत. राज्यं गेली, तह मोडले, पण शेतसाऱ्याचं हे शहाणपण राहिलं.

खडकीचं पाणी

दौलताबादजवळ खडकी नावाचं एक लहानसं गाव होतं. नावातच खडक. १६१० मध्ये अंबरने तिथे शहर वसवायला घेतलं. हेच पुढे औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याने बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे, काळ्या दगडाच्या मशिदी आहेत, जामा मशिदीचं मूळ कामही त्याचंच. शहरातल्या मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्या मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावांवरून पडल्या. राजधानीत आपल्या साथीदारांच्या नावाने मोहल्ले वसवणारा वजीर किती आपलेपणाने वागत असेल, तुम्हीच विचार करा.

पण शहर वसवायचं तर पाणी पाहिजे. खडकाळ जागा, पाऊस बेताचा. अंबरने उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूने, जिथे डोंगराचं पाणी जमिनीत मुरतं, तिथून जमिनीखालून नहर आणली. यात ना मोट, ना रहाट. उतार इतका अचूक धरला की पाणी आपल्या वजनानेच शहरात येई. जागोजागी उसासे ठेवले, त्यांतून हवा खेळे आणि माणूस उतरून गाळ काढू शके. शहरात आल्यावर खापरी नळांतून ते हौदांना, मशिदींना, घरांना मिळे. जमिनीखाली असल्याने ऊन लागून आटत नसे आणि शत्रूच्या नजरेलाही सहज पडत नसे. हीच नहर-ए-अंबरी. काम चालू असताना दरबारातल्या काही जाणत्यांनीच हे होणार नाही म्हणून हसण्यावारी नेलं होतं, असं सांगतात. पाणी आलं आणि हसणं थांबलं.

पाणचक्की पाहायला जाणारे बरेच लोक तिचं पाणीही अंबरचंच समजतात. तसं नाही. पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरच्या काळातली. पण अंबरने वाट दाखवली आणि पुढच्यांनी त्याच युक्तीने शहरात आणखी नहरी आणल्या, हे खरं.

हार आणि पुन्हा उभं राहणं

अंबर नेहमी जिंकला असं नाही. १६१६ मध्ये त्याचे काही हबशी आणि मराठा सरदार मोगलांना जाऊन मिळाले. रोशनगावच्या लढाईत तो हरला आणि मोगलांनी नवीकोरी खडकी जाळून-पाडून टाकली. दुसऱ्या वर्षी शहजादा खुर्रम बुऱ्हाणपूरला आला. अंबरला अहमदनगरच्या किल्ल्याच्या चाव्या आणि बालाघाटचा मुलूख द्यावा लागला. याच कामगिरीबद्दल खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. म्हणजे बघा, ज्या नावाने जग त्याला ओळखतं, ते नाव अंबरला वाकवल्याचं बक्षीस होतं.

तीन वर्षांनी, १६२० मध्ये, अंबर पुन्हा उठला आणि त्याच्या फौजा थेट बुऱ्हाणपूरपर्यंत गेल्या. शाहजहान पुन्हा आला, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली, पुन्हा तह झाला आणि अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा मिळून पन्नास लाखांची खंडणी बसली. अंबर सत्तरीच्या पुढे होता. त्याने शहर पुन्हा बांधायला घेतलं.

भातवडी

१६२४ मध्ये विजापूरचा इब्राहिम आदिलशाह आणि मोगल एक झाले. आजवर एकाला दुसऱ्यापासून दूर ठेवून अंबर वाचत आला होता. आता दोघंही समोर. अहमदनगरपासून जवळच भातवडी गाव आहे, तिथे मोठा तलाव आहे. अंबर माघार घेत घेत त्या बाजूला आला आणि त्याने तलावाचा बांध फोडला. पावसाळा नुकताच सरलेला, त्यात हे पाणी. सारा रस्ता चिखल झाला. तोफा रुतल्या, बैल बसले, छावणीत दाणा मिळेना. रात्री छापे सुरू झाले. उपाशी शिपाई पळून अंबरकडे येऊ लागले आणि अंबर त्यांना खाऊ घाली, जवळ करी.

मग त्याने घाव घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, मोगलांचे नावाजलेले सरदार कैद झाले. या लढाईत तरुण शहाजीराजे भोसले अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. अहमदनगरच्या हजरत शाह शरीफ (रह.) यांच्यावरच्या श्रद्धेतून मालोजीराजांनी आपल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. त्यांतला एक मुलगा निजामशाहीसाठी भातवडीच्या मैदानात पडला. आज जे लोक इतिहासाची सरळ दोन भागांत वाटणी करू पाहतात, त्यांनी ही एक लढाई नीट वाचावी.

दुसऱ्या वर्षी आणखी एक विचित्र गोष्ट घडली. बापाविरुद्ध बंड करून हरलेला शाहजहान आसऱ्याला आला तो याच अंबरकडे. ज्याने खडकी जाळली त्याला अंबरने मदत दिली, कारण मोगलांत फूट राहणं दख्खनच्या फायद्याचं होतं.

जे झाकून ठेवू नये

मोठ्या माणसाची कहाणी सांगताना त्याच्या सावल्या लपवल्या तर ती कहाणी राहत नाही, जाहिरात होते. मुर्तजा निजामशाह आणि अंबर यांचं पटेनासं झालं होतं. १६१० मध्ये मुर्तजा मेला आणि विषप्रयोगाचं बोट अंबरकडे दाखवलं गेलं. मुर्तजाच्या इराणी बेगमने अंबरच्या मुलीला, आपल्या सवतीला, गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि त्यातून हे प्रकरण पेटलं, अशी हकिकत पीटर व्हॅन डेन ब्रोक या डच व्यापाऱ्याने नोंदवली. गादीवर पाच वर्षांचं मूल आलं आणि सत्ता पूर्णपणे अंबरच्या हाती राहिली. एवढ्या वर्षांनीही गुलाम हा शब्द त्या घरात जखमेसारखा ओला होता, हे यातून दिसतं. पण अपमान कितीही मोठा असो, विषाचा प्याला त्याचं उत्तर होत नाही.

हाच डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. अंबरच्या मुलखात चोरीची भीती नव्हती, असं त्याने लिहिलं, आणि दारू पिणाऱ्याला फार क्रूर शिक्षा होत असे, हेही लिहिलं. शिस्त कडक होती, कधी कधी निर्दय.

आणखी एक उणीव राहिली. त्याने माणसं जोडली, पण त्याच्या मागे ती धरून ठेवील अशी व्यवस्था दरबारात उभी राहिली नाही. सगळं त्याच्या एकट्याच्या भोवती फिरत होतं. भातवडीनंतर मानापमान होऊन शहाजीराजेही काही काळ विजापूरला निघून गेले.

त्यानंतर

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, मलिक अंबर अल्लाहला प्यारा झाला. खुलताबादेत औलियांच्या सावलीत त्याला दफन केलं. जहांगीरच्या दरबारातला इतिहासकार मोतमद खान, ज्याने आयुष्यभर शत्रू म्हणूनच अंबरला पाहिलं होतं, त्यानेही त्याच्या लष्करी कौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने तारीफ केली. शत्रूच्या कलमातून आलेल्या तारिफेपेक्षा मोठी सनद कुठली?

मुलगा फतेह खान वजीर झाला, पण बापाची समज त्याला मिळाली नव्हती. १६२९ मध्ये दौलताबादेत लखुजी जाधवरावांची भर दरबारात हत्या झाली आणि मराठा सरदारांचा भरवसा उडाला. पुढे फतेह खानाने आपल्याच निजामशाहला मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. बापाने तीस वर्षांत जे जोडलं ते सात वर्षांत गेलं. शेवटचा प्रयत्न केला तो शहाजीराजांनी. निजामशाही घराण्यातलं एक मूल शोधून गादीवर बसवलं आणि तीनेक वर्षं राज्य चालवून दाखवलं. हा धडा त्यांनी कोणाच्या शाळेत घेतला, ते सांगायला नको. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, आणि बुडवणारा होता तोच शाहजहान.

आपण काय घ्यायचं?

आज मुसलमान म्हटलं की बाहेरून आलेला, असं बोलणारे लोक भेटतात. अंबर तर खरोखरच बाहेरून आला होता, तोही साखळीत. पण या मातीत त्याने परक्यासारखे पाय ठेवले नाहीत. इथल्या शेतकऱ्याचा हिशेब नीट केला, इथल्या सरदारांना बरोबरीचा मान दिला, इथल्या खडकातून पाणी काढलं. माणूस कुठल्या मातीचा, हे जन्माने जितकं ठरतं त्याहून जास्त तो त्या मातीसाठी काय करतो यावर ठरतं.

आणि एक गोष्ट आपल्या घरांसाठी. अजूनही आपल्याकडे रिश्ते जुळवताना गोरा रंग पाहिला जातो, बिरादरी विचारली जाते, कोण कोणाच्या खानदानातला याचा काथ्याकूट होतो. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आपण मांडवात मात्र वेगळे होतो. ज्याला ना खानदान होतं, ना गोरा रंग, ना कुणाचा आधार, त्याच्या हाती एका शिकवणाऱ्याने कलम दिलं आणि एका बेवेने आजादी. बाकीचं त्याने स्वतः केलं. आपल्या मोहल्ल्यातल्या किती पोरांच्या हाती आपण ते कलम देतो, याचा हिशेब आपणच करायचा आहे.

पुढच्या वेळी खुलताबादला गेलात तर मुलांना घेऊन त्या घुमटाकडे जरूर वळा. फातिहा पढा. आणि परत येताना शहरातल्या नहर-ए-अंबरीचे उरलेले उसासे त्यांना दाखवा. काही बुजले आहेत, काहींवर घरं उभी राहिली आहेत. शत्रूने दोनदा जाळलेलं शहर अंबरने पुन्हा उभं केलं. त्याची नहर आपल्या दुर्लक्षाने गडप झाली तर त्याचा दोष कोणत्याही शत्रूवर टाकता येणार नाही.